मोट आणि मळसूत्र

मनुष्य जिवंत आहे की गेला, हे ठरविण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे त्याचे मनगट धरून पाहणे. बोटांखाली ठोका लागला तर आशा. नाही लागला तर वडीलधारी माणसे मुकाट्याने तोंड फिरवीत आणि घरातले काय ते समजून जात. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल वर्णिलेली आहे. ती कधी सापासारखी वळवळते, कधी बेडकासारखी उडते, तर कधी हंसासारखी डौलात चालते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वैद्यांनी या चालीवरून रोगाची पारख केली. नाडी आणि प्राण यांची अशी गाठ आपल्या मनात पक्की बसलेली आहे.

पण आज जगात अशी हजारो माणसे वावरत आहेत, की ज्यांचे मनगट धरले तर बोटांना काहीच लागत नाही. लागलेच तर अगदी पुसट. ही माणसे जेवतात, हिंडतात, बाजारहाट करतात, नातवंडांवर डाफरतात. त्यांच्या छातीत मुठीहूनही लहान असे एक चक्र रात्रंदिवस फिरत असते आणि कमरेच्या पट्ट्यात विजेचे घट असतात. दमलेल्या हृदयाला हातभार लावणारा हा पंप कसा निर्माण झाला, तो घडविताना शहाण्या माणसांनी कोणकोणत्या आडवाटा धुंडाळल्या, आणि शेवटी वाट सापडली ती कशी, याची ही हकीकत आहे.

प्रथम हृदय करते काय ते पाहू. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना ते समजाविण्याची गरज नाही. मोट विहिरीत बुडते, भरते, बैल धावेवरून उतरू लागले की वर येते आणि थारोळ्यात भसकन रिकामी होते. मग पुन्हा खाली. पाटाला पाणी मिळते ते असे मोटेमोटेने. हृदयाचेही तेच. ते पसरते, भरते, आवळते आणि रिकामे होते. मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा हा खेळ चालतो. प्रत्येक मिनिटाला ५ लिटर रक्त पुढे ढकलले जाते. दिवसाचा हिशेब ७,००० लिटरांच्या घरात जातो. एवढे रक्त शरीर रोज नव्याने तयार करू शकणार नाही, तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे, हा साधा हिशेब विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली मांडला आणि रक्ताभिसरणाचे कोडे सुटले. नाडी म्हणजे दुसरे काही नव्हे. प्रत्येक मोट रिकामी झाल्याचा तो धक्का.

आता ही मोटच फाटकी झाली तर? हृदय निकामी होणे म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. निकामी होत चाललेले हृदय चालू असते, पण थकलेले असते. कोणाच्या हृदयाचा काही भाग झटक्यात मेलेला असतो, कोणाचे रक्तदाबाशी वर्षानुवर्षे झुंजून सैल पडलेले असते, कोणाला लहानपणीच्या सांधेज्वराने झडपांचा विकार जडलेला असतो, तर एखादीच्या हृदयाचा स्नायू बाळंतपणाच्या सुमारास दुबळा झालेला असतो. शेवट मात्र सारखाच. पायांवर सूज येते, जिना चढवत नाही, पुढे पुढे आडवे झाले की जीव गुदमरतो आणि माणूस उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढतो. औषधांनी अनेकांची अनेक वर्षे बरी जातात. पण एक मुक्काम असा येतो, की औषधे हात टेकतात. आपली कथा त्या मुक्कामापासून सुरू होते.

कथेचा पहिला नायक म्हणजे जॉन गिबन हा तरुण अमेरिकन शस्त्रवैद्य. बॉस्टन येथील इस्पितळात १९३०च्या सुमारास तो शिकत होता. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी बसून त्याने सारी रात्र काढली. तिचे रक्त काळवंडत चालले होते. ते काळे रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडता आले तर ही बाई वाचेल, असा विचार त्याच्या मनात आला. बाई वाचली नाही. विचार मात्र राहिला. त्याची पत्नी मेरी हीच त्याची मदतनीस. प्रयोगाला मांजरे हवीत म्हणून हा गृहस्थ रात्री माशांचे तुकडे आणि पोते घेऊन बॉस्टनच्या गल्लीबोळांतून भटकी मांजरे पकडीत हिंडे. १९३५ साली एका मांजराचे हृदय व फुप्फुसे यांचे काम यंत्राने बिनबोभाट सांभाळले, तेव्हा नवराबायको एकमेकांचे हात धरून प्रयोगशाळेत नाचली!

पुढे युद्ध आले, कामात खंड पडला. युद्धानंतर आय.बी.एम. या हिशेबयंत्रे बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपले यंत्रज्ञ गिबनच्या दिमतीला दिले. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील जन्मजात भोक गिबनने बुजविले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या शरीराचा सारा भार यंत्राने वाहिला. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण त्याच उन्हाळ्यात पुढच्या दोन लहान मुली दगावल्या, आणि वीस वर्षे ज्याचा ध्यास घेतला त्या यंत्रावर गिबनने स्वतः पुन्हा शस्त्रक्रिया केली नाही. यंत्र दुसऱ्यांनी पुढे नेले. आज जगभर हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात त्या त्याच्याच वंशजांच्या आधाराने.

मात्र गिबनचे यंत्र हे शस्त्रक्रियेपुरते, काही तासांचे. शस्त्रक्रिया संपल्यावरही हृदय चालेना, तर काय करावयाचे? येथे ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांचा प्रवेश होतो. लेबनॉनहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला हा मुलगा आईकडून शिवणकाम शिकला होता. पुढे शस्त्रवैद्य झाल्यावर कृत्रिम धाग्याचे कापड आणून त्याने घरच्या शिवणयंत्रावर रक्तवाहिनी शिवली, आणि ती चालली. विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, १९३४ साली त्याने रक्त देण्यासाठी रूळ फिरवून नळी दाबणारा एक पंप वापरात आणला होता. गिबनच्या यंत्रात रक्त खेळविले ते याच जातीच्या पंपाने. १९६४ साली अमेरिकन सरकारने कृत्रिम हृदय बनविण्यासाठी खास योजना आखली, तिच्यामागेही डिबेकींची खटपट होती. ऑगस्ट १९६६ मध्ये मेक्सिकोच्या एका ३७ वर्षांच्या स्त्रीच्या हृदयातील दोन झडपा त्यांनी बदलल्या. पण हृदय यंत्रावरून उतरेना. तेव्हा छातीच्या बाहेर एक लहान पंप ठेवून तो नळ्यांनी आत जोडला. दहा दिवस त्या पंपाने हृदयाला हात दिला. दहा दिवसांनी हृदय सावरले, पंप काढला आणि बाई चालत घरी गेली.

या प्रसंगात पुढच्या साऱ्या इतिहासाचे सार होते. पंपाने हृदयाची जागा घेतली नाही. ते सावरेपर्यंत त्याच्या काखेत हात घातला, इतकेच. पण मनुष्यस्वभाव असा, की समोरचे साधे यश त्याला पुरत नाही. सगळ्यांचे डोळे लागले होते ते संपूर्ण कृत्रिम हृदयाकडे. जुने काढून नवे बसविण्याकडे.

या स्वप्नाचा वेडा पीर म्हणजे विलेम कोल्फ. हा मूळचा डच. जर्मनांनी हॉलंड व्यापले असताना, जवळ ना पैसा ना साहित्य अशा स्थितीत, त्याने मांसाच्या वळकट्या भरण्यासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने हृदयाला हात घातला. १९५७ साली त्याने व त्याचा जपानी सहकारी अकुत्सु याने एका कुत्र्याला प्लास्टिकच्या हृदयावर सुमारे दीड तास जगविले. गंमत अशी, की कृत्रिम हृदयाचे एक पेटंट १९६३ साली ज्याला मिळाले तो पॉल विंचेल हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा शब्दभ्रमकार होता! निर्जीव बाहुलीला बोलावयास लावणाऱ्या माणसाला प्लास्टिकच्या हृदयाची ओढ वाटावी, हे तसे स्वाभाविकच.

इतक्यात दुसऱ्याच दिशेने बातमी आली. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसविले. रोगी १८ दिवस जगला. आणि अवघ्या अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, आपल्या मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही फळाला आला नाही. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हे तेव्हा आपल्या कायद्याला ठाऊक नव्हते. तो कायदा व्हावयास १९९४ साल उजाडले, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी पहिले यशस्वी आरोपण केले. मधल्या सव्वीस वर्षांचे अंतर पाहिले म्हणजे सेन यांचे धाडस किती आगाऊ होते ते कळते.

परक्याचे हृदय शरीराने झिडकारू नये म्हणून १९८०च्या सुमारास चांगली औषधे आली आणि आरोपणाला बरकत आली. पण येथेच घोडे पेंड खाते. दुसऱ्याचे हृदय मिळावयाचे म्हणजे दुसऱ्या घरावर आभाळ कोसळावयास हवे. आणि कोसळले तरी त्या घराने त्या क्षणी दानाला होकार द्यावयास हवा. मागणारे हजार आणि देणारे मोजके. वाट पाहता पाहता माणसे मरत. त्या वाटेवर एखादा सेतू बांधता येईल काय, असा प्रश्न पुढे आला.

तो सेतू पहिल्यांदा बांधला गेला तो भांडणाच्या पायावर. ह्यूस्टनमध्येच डेंटन कूली हे डिबेकींचे एकेकाळचे सहकारी. ४ एप्रिल १९६९ रोजी त्यांनी व डोमिंगो लिओट्टा यांनी ४७ वर्षांच्या एका रोग्याचे हृदय काढून तेथे कृत्रिम हृदय बसविले. सुमारे ६४ तासांनी माणसाचे हृदय मिळाले, ते बसविले. पण दीड दिवसात रोगी गेला. आपल्या प्रयोगशाळेतील यंत्र परवानगीवाचून वापरले, हे डिबेकींचे म्हणणे. समोर माणूस मरत होता आणि दुसरा उपाय नव्हता, हे कूलींचे. एकाच गावातले, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर काम करणारे हे दोन थोर शस्त्रवैद्य त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. २००७ साली समेट झाला तेव्हा डिबेकी ९९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते वारले.

मग आली २ डिसेंबर १९८२ची ती प्रसिद्ध रात्र. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात, कोल्फच्याच शाळेत तयार झालेले ‘जार्विक-७’ हे हृदय बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या निवृत्त दंतवैद्याच्या छातीत बसविण्यात आले. शस्त्रवैद्य होते विल्यम डीव्हरीस. हे हृदय कायमचे म्हणून बसविले होते. छातीतून निघालेल्या दोन नळ्या खाटेशेजारच्या यंत्राला जोडलेल्या. ते यंत्र हवा फुंकी तेव्हा हृदय आवळे. यंत्र कपाटाएवढे, वजन दीडशे किलोंहून अधिक. माणूस जणू खाटेला बांधलेला. त्याच्या पत्नीने डॉक्टरांना विचारले होते म्हणतात, की हृदय काढल्यावर यांचे माझ्यावर प्रेम राहील ना? क्लार्क शुद्धीवर आला आणि पत्नीवरचे त्याचे प्रेम कमी झालेले नव्हते. तेवढे उत्तर तरी चोख मिळाले.

बाकी उत्तरे कठीण होती. त्याला आकडी आली, नाकातून रक्त वाहिले, हृदयातली एक झडप मोडली तेव्हा पुन्हा छाती उघडावी लागली. ११२ दिवसांनी, २३ मार्च १९८३ रोजी, बाकीची इंद्रिये एकेक करून थकली. यंत्र शेवटपर्यंत चालूच होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी. त्याच्याजवळ एक किल्ली देऊन ठेवली होती. जगणे असह्य झाले तर यंत्र बंद करण्याचा हक्क त्याचा. किल्ली त्याने वापरली नाही. पण वैद्यकाच्या इतिहासात मरणाची किल्ली अशी उघडपणे रोग्याच्या हाती याआधी क्वचितच दिली गेली असेल. पुढे आणखी चार जणांना हे हृदय कायमचे बसविले. त्यांतील एक ६२० दिवस जगला, पण पक्षाघाताच्या झटक्यांनी खचून. वर्तमानपत्रांचा उत्साह ओसरला. दिवस वाढले होते, घर मात्र लाभले नव्हते.

येथून इतिहासाने कूस बदलली. संपूर्ण हृदयाचा हट्ट बाजूला ठेवून काही लोक १९६६च्या त्या साध्या युक्तीकडे वळले. हृदय जागीच ठेवावयाचे. त्याच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त घ्यावयाचे आणि सगळ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या महारोहिणीत सोडावयाचे. सगळ्यांत अवघड काम डाव्या कप्प्याचे. तेवढे हलके केले की बहुतेकांचे भागते. १९८४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे असा विजेवरचा पंप बसविलेला रोगी आरोपणापर्यंत सुखरूप पोचला. सेतू पक्का झाला. मग प्रश्न आला तो अशांचा, की ज्यांना वयामुळे वा अन्य रोगांमुळे दुसऱ्याचे हृदय मिळणारच नाही. त्यांच्यासाठी पंप हा सेतू नव्हे, मुक्काम. २००१ साली एका चाचणीचा निकाल आला. अशा १२९ रोग्यांपैकी ६८ जणांना पंप बसविला, ६१ जणांना औषधांवर ठेवले. वर्षअखेर औषधांवरचे शंभरात २५ हयात होते, पंपवाले ५२. दुप्पट! पण दोन वर्षांनी पंपवाले उरले शंभरात २३, आणि औषधांवरचे केवळ ८.

पंपवाले टिकले का नाहीत? कारण तो पंपही मोटच होता. किलोहून जड पेटी, तिच्यात आवळणारी पिशवी, उघडमीट करणाऱ्या झडपा. दिवसाला लाख वेळा, वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा जी वस्तू वाकते, ती झिजणारच. आपल्या हृदयाचा स्नायू झिजेल तशी स्वतःची डागडुजी करीत असतो. प्लास्टिकला ती विद्या नाही. निसर्गाची नक्कल करण्यात आपण त्याची अडचण तेवढी उचलली, त्याचा उपाय उचलता आला नाही.

आणि मोटेतून सुटका झाली ती, योगायोग पाहा, शेतावरच्याच दुसऱ्या एका साधनामुळे. १९७६ साली रिचर्ड वॅम्प्लर नावाचा एक अमेरिकन डॉक्टर इजिप्तमधील एका खेड्यात गेला होता. तेथे त्याने माणसे पाणी उपसताना पाहिली. तिरप्या नळीत बसविलेले मोठे मळसूत्र गरगर फिरवीत आणि पाणी त्याच्या आट्यांवरून सलग वर चढे. आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाणारे हे साधन दोन हजार वर्षांहून जुने. वॅम्प्लरच्या मनात आले, हेच मळसूत्र पेन्सिलीएवढे बारीक करून रक्तवाहिनीत बसविले तर? जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. मिनिटाला २५,००० फेरे घेणाऱ्या पात्यांत रक्ताच्या पेशींचे पीठ होईल, असे त्यांचे म्हणणे. पण पेशी पात्यांजवळून इतक्या झपाट्याने निसटतात, की त्यांना फारशी इजा होत नाही, असे आढळले. १९८८ साली ह्यूस्टनमध्ये डॉ. फ्रेझियर यांनी तो पंप पहिल्यांदा माणसात वापरला आणि रोगी बरा झाला.

दार उघडले. मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयात सरकविण्याचे जे लहान पंप आज हृदयाच्या तातडीच्या प्रसंगी वापरतात, ते याच कल्पनेचे नातेवाईक. ज्यांना कायमचा आधार हवा त्यांच्यासाठी मोठी मळसूत्रे निघाली. अमेरिकन अंतराळसंस्थेतील डेव्हिड सॉसियर या यंत्रज्ञाचे हृदयारोपण डिबेकींनी १९८४ साली केले होते. अंतराळयानाच्या इंजिनात इंधन ढकलणाऱ्या पंपांची विद्या घेऊन त्याने व त्याच्या सोबत्यांनी डिबेकींसाठी हृदयाचा पंप आखला. १९९८ साली तो बर्लिन येथे प्रथम माणसात बसला. २००० सालच्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे पीटर हॉटन या गृहस्थाला अंगठ्याएवढा पंप बसविला. विजेची तार काढली होती कानामागून. मरणाच्या वाटेवरच्या माणसांना धीर देण्याचे काम करणारा हा मनुष्य स्वतः त्या वाटेवरून परतला आणि साडेसात वर्षे जगला. त्याने पुस्तक लिहिले, धर्मादायासाठी ९१ मैल चालून दाखविले.

मोट आणि मळसूत्र यांचा समोरासमोरचा सामना २००९ साली जाहीर झाला. २०० रोगी, काहींना जुना पिशवीचा पंप, काहींना ‘हार्टमेट-२’ नावाचा, तीनशे ग्रॅमही न भरणारा फिरता पंप. दोन वर्षांनी जुन्या पंपाचे शंभरात २४ हयात, नव्याचे ५८. वाद मिटला. अमेरिकेचे उपाध्यक्ष राहिलेले डिक चेनी यांनी २०१० साली असाच पंप बसवून घेतला आणि २०१२ साली हृदयारोपण होईपर्यंत त्यावर दिवस काढले.

या विजयाची किंमत म्हणजे नाडी. मळसूत्राला ठोका नसतो. ते पाणी सलग देते. शेकडो वर्षे नाडी हीच जीवनाची खूण मानलेल्या माणसाला हे पटणे सोपे नव्हते. २०११ साली तर ह्यूस्टनमध्ये फ्रेझियर व कोन या डॉक्टरांनी एका रोग्याचे हृदय पार काढून तेथे दोन फिरते पंप बसविले. तो उठून बसला, घरच्यांशी बोलला. नाडी नाही, छातीवर कान ठेवला तर ठोका नाही, नुसती घरघर. महिनाभराहून अधिक काळ तो जगला. आजही असा रोगी रस्त्यात चक्कर येऊन पडला, तर अजाण माणूस मनगट धरून त्याला मेलेला समजण्याचा धोका असतो. म्हणून जवळच्यांना आधीच पढवून ठेवावे लागते, की आधी यंत्र पाहा, मग मनगट.

शरीरालाही ठोक्याची आठवण होतेच. सलग प्रवाहात रक्त गोठण्यासाठी लागणारा एक घटक पात्यांनी तुटतो आणि आतड्यांतून रक्तस्राव होतो. उलटपक्षी पंपात गुठळी झाली तर पक्षाघाताची भीती. या कात्रीतून पुढची पिढी निघाली. ‘हार्टमेट-३’ या पंपाचे चक्र लोहचुंबकाच्या बळावर अधांतरी तरंगत फिरते. कशालाही टेकत नाही, म्हणून झीज नाही. ताकात रवी घुसळताना ताक जसे कडेला फेकले जाते, तसे रक्त मधून शिरते आणि कडेने बाहेर पडते. गंमत म्हणजे, आत रक्त साचून राहू नये म्हणून हे चक्र दर दोन सेकंदांनी आपली गती मुद्दाम कमीजास्त करते. टाकून दिलेला ठोका यंत्रज्ञांनी थोडासा परत आणला, तो असा. २०२२ साली पाच वर्षांचा हिशेब निघाला: जुन्या मळसूत्राचे शंभरात ४४ हयात, या तरंगत्या चक्राचे ५८. पुढच्या वर्षी असेही दिसून आले, की या पंपाच्या रोग्यांना ॲस्पिरिन न दिल्यास रक्तस्राव कमी होतो आणि गुठळ्या वाढत नाहीत. सगळेच पंप मात्र असे भाग्यवान ठरले नाहीत. ‘हार्टवेअर’ हा दुसरा प्रसिद्ध पंप पक्षाघाताचे अधिक प्रमाण आणि थांबल्यावर पुन्हा सुरू न होण्याचा दोष यांमुळे जून २०२१ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला. ज्यांच्या छातीत तो आधीच फिरत होता, त्यांच्या घरी ती बातमी कशी वाचली गेली असेल, याची कल्पना करावी.

संपूर्ण हृदयाचे स्वप्नही आता मळसूत्राच्या वाटेने परतत आहे. डॅनिएल टिम्स हा ऑस्ट्रेलियातील एका नळकारागिराचा मुलगा. वडिलांचे हृदय निकामी होत असताना बापलेकांनी मिळून घरीच नळ जोडून रक्ताभिसरणाचा नमुना उभा केला. बापाच्या हयातीत हृदय तयार झाले नाही. पण जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे ते पहिल्यांदा माणसात बसले आणि आठ दिवसांनी दात्याचे हृदय मिळेपर्यंत चालले. त्यात झडप नाही, पिशवी नाही. अधांतरी फिरणारे एकच चक्र दोन्ही बाजूंचे रक्त ढकलते. सिडनीतील एक रोगी तर हे हृदय घेऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्पितळाबाहेर पडला आणि शंभराहून अधिक दिवस त्यावर जगून मार्चमध्ये त्याला दात्याचे हृदय मिळाले. क्लार्क ११२ दिवस खाटेला बांधला होता. हा घरच्या वाटेने चालत गेला. चार दशकांची कमाई मोजावयाची तर ती या एका फरकात आहे.

आपल्याकडे चेन्नईसारख्या शहरांत असे पंप बसविले गेले आहेत. पण यंत्राची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्यापलीकडची आहे, आणि किंमत केवळ पैशांची नाही. पोटातून बाहेर येणाऱ्या तारेची जखम नित्य स्वच्छ ठेवावी लागते. नाहीतर तेथूनच पू शिरतो. पोहणे नाही, टबात बसून स्नान नाही. घट संपत आले की बदलावयाचे, रात्री भिंतीतील विजेला जोडून झोपावयाचे. गावी जावयाचे तर आधी विचारावयाचे, की तेथे वीज किती तास असते? हे सारे रोगी एकटा करीत नाही. बायको करते, मुलगा करतो, सून करते. गिबनच्या शेजारी मेरी उभी होती, तसे प्रत्येक पंपाशेजारी घरातले कोणी तरी उभे असते. त्यांची नावे मात्र कोणत्याही चाचणीच्या निकालात येत नाहीत.

म्हणून हा पंप बसवून घ्यावा की नाही, हा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नाही. क्लार्कच्या हातात दिलेली ती किल्ली आता दिसत नाही, पण ती नाहीशी झालेली नाही. कधीतरी मेंदू विझतो, मूत्रपिंडे थकतात, आणि पंप मात्र इमानाने फिरतच राहतो. तेव्हा तो थांबवावा असे कोणी तरी म्हणावे लागते. शहाणी घरे ही गोष्ट आधी बोलून ठेवतात. रोगी बोलता चालता असताना, त्याच्याच तोंडून, सगळ्यांच्या समक्ष. यंत्र कसे चालू ठेवावयाचे ते यंत्रज्ञांनी सत्तर वर्षे खपून शोधून काढले. ते कोणासाठी चालवावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हे ठरविण्याची किल्ली मात्र त्यांनी घरच्यांच्याच हाती ठेवली आहे, आणि ती तेथेच असावी हे बरे.